पत्रिकेतला प्राध्यापक

बहिणीच्या लग्नाची पत्रिका आबांनी मला न विचारता छापून घेतली आणि निमंत्रकांमध्ये माझ्या नावाआधी 'प्रा.' लावलं. मी प्राध्यापक नव्हतो. मी दक्षिणेतल्या एका संस्थेत कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर पीएचडी करत होतो. गावात कुणी विचारलं की आबा सांगायचे, "पोरगं प्रोशेसर करून राहिलंय." ऐकणारे प्रोफेसर ऐकायचे, आणि होता होता आबाही प्रोफेसरच म्हणायला लागले.

मी लग्नाला पोचलो तेव्हा पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी भडकलो. आबांचं सगळं आयुष्य मेंढ्यांमागं आणि सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या रानात गेलेलं. त्यांना दोन्ही शब्द सारखेच लांबचे.

"आरं, प्रोशेसर काय अन् प्रोफेसर काय, कालेजातच ऱ्हातूस न्हवं? पाव्हण्यायनी तेच बघून सोयरीक केली. आता तू तकलीफ देऊ नगंस."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाहुणे पुसेगावकडचे. मुलगा एम.ए. होऊन घरी बसलेला आणि कुठल्यातरी कॉलेजात चिकटायच्या खटपटीत. बायकोचा भाऊ प्रोफेसर म्हणजे आज ना उद्या चिकटवणारच, असं धरून त्यांनी माझी सावळी, दहावी झालेली बहीण पसंत केली होती. तिचा संसार त्या एका अक्षरावर उभा राहणार होता. पण तिच्या अंगाला हळद लागली होती आणि ती खुशीत होती. मी गप्प बसलो.

माझं काम काय होतं ते सांगायला हवं. प्रोग्राम म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या सूचना. साधा प्रोसेसर त्या एकामागून एक उरकतो. आमच्या विषयात एकमेकींवर न अडणाऱ्या सूचना हुडकून एकाच वेळी चालवायच्या असतात. एका पट्टीत निंदणी चालू आहे म्हणून दुसऱ्या पट्टीतल्या बाया थांबत नाहीत, पण कापणी झाल्याशिवाय खळं करता येत नाही, तसंच हे. खरी अडचण फाट्यावर येते. डावीकडं जायचं की उजवीकडं, हे मागच्या सूचनेचं उत्तर आल्यावर ठरतं, आणि तेवढं थांबायची प्रोसेसरची तयारी नसते. मग तो अंदाज बांधतो आणि एका वाटेनं काम सुरू करून देतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो. माझा प्रबंध चुकलेल्या अंदाजांवर होता. खरा प्रोसेसर मी कधी बनवला नाही. कॉम्प्युटरवर त्याची नक्कल चालवायची, आकड्यांची वाट बघायची, आणि गाइडनं नाक मुरडलं की पुन्हा चालवायची. यात कुणाला नोकरीला चिकटवण्याची ताकद कुठून येणार?

दाजींचा फोन विभागाच्या ऑफिसात यायचा. शिपाई मला बोलवायला यायचा.

"सर, आमचं काही जमून राहिलंय का?"

बायकोच्या भावाला कुणी सर म्हणत नाही. मी आपलं 'बघतो, बघतो' करत वेळ मारून न्यायचो. बहीण मात्र गावाकडं भेटली की सासरचं कौतुक सांगायची. सासू तिला मऊ भाकरी वाढते, दाजी आठवडी बाजारातून तिच्यासाठी आठवणीनं बांगड्या आणतात. ते सगळं कुणाच्या भरवशावर चाललंय हे मला ठाऊक होतं, आणि तिचं बोलणं ऐकवत नसे.

एका सकाळी माझ्या नकलेत मुळातच चूक सापडली. कित्येक आठवड्यांचे आकडे पाण्यात गेले. त्यात दाजींचा फोन आला. मला ते नाटक आणखी झेपेना.

"दाजी, मी कुणाला शिकवत नाही. मी अजून विद्यार्थी आहे. पत्रिकेतलं ते 'प्रा.' खोटं होतं."

मग "बराबर" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या साली बहीण पंचमीला माहेरी आली आणि तिला न्यायला कुणी आलंच नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. शेवटी आबा, मामा आणि मी औंढ्याला गेलो. देवळाजवळच्या एका हॉटेलात दोन्हीकडची माणसं बसली.

"तुमी आमाला फशिवलं," बहिणीचा सासरा म्हणाला. "प्रोफेसर म्हणून सांगितलं अन् निघालं शिकणारं पोरगं."

"पोरीची काय चूक हाय त्याच्यात?" आबांनी विचारलं.

"पोरीची न्हाई. पण आमच्या पोराचं वय चाललंय."

पुढच्या उन्हाळ्यात दाजींनी दुसरं लग्न केलं. त्या मुलीचा मामा एका शिक्षणसंस्थेत वजन राखून होता. शाळा उघडायच्या आत दाजी चिकटले. या खेपेला त्यांचा अंदाज बरोबर आला. मी पोलिसात जाऊ म्हटलं, कोर्टात जाऊ म्हटलं. आबा हात जोडून म्हणाले, "लेकराचा तमाशा नगं." मला त्यांचा राग आला, तो अजून गेलेला नाही. बहीण मेंढ्यांमागं जायला लागली.

प्रबंध मान्य झाल्यावर मी घरी गेलो. माय अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. बहीण तिच्या शेजारी बसली होती.

"आता तरी सांग, इतकी वर्सं काय केलंस?" माय म्हणाली.

मी सूचना सांगितल्या, फाटा सांगितला, अंदाज सांगितला. माय मान हलवत राहिली.

"अन् अंदाज चुकला मंग?"

"मग त्या वाटेनं केलेलं सगळं काम मशीन टाकून देतं."

बोलून गेलो आणि जीभ चावली. गावात बहिणीला आता कुणी नावानं ओळखत नव्हतं. सगळे 'टाकलेली' म्हणायचे. सावरून घ्यायला म्हणून मी घाईघाईनं पुढं बोललो, "म्हणजे सरसकट नाही. काम कच्चं असतं तोवरच. एकदा ते पक्कं झालं की मग मशीनलाही टाकता येत नाही."

बहिणीनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात सोडले. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मंग फोनवर सांगायला जरा थांबायचं व्हतंस, भाऊ," ती म्हणाली. "मला एक लेकरू व्हईस्तोवर."