चकलीच्या डब्यातले फोन

आई गेली तेव्हा मी टूनगॅबीच्या घरात सोफ्यावर बसून ऑस्ट्रेलियाला कोणता देश किती गुण देतो ते बघत होते. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. ‘वेळेवर पोचू शकले नाही’ एवढंच सांगते, आणि परदेशात राहणाऱ्या बाईला लोक तेवढ्यावर माफ करून टाकतात.

दरवर्षी मे महिन्यात युरोपात गाण्यांची मोठी स्पर्धा होते आणि तिच्यात आम्ही राहतो तो ऑस्ट्रेलियाही गातो. का गातो, ते इथल्यांनाही धड सांगता येत नाही. आई पहिल्यांदा व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आली तेव्हा तिनेही हेच विचारलं होतं, “हा देश युरोपात कधी गेला?”

“एका वर्षी पाहुणा म्हणून बोलावलं होतं त्यांनी,” नवरा म्हणाला. “मग राहिलाच.”

“म्हणजे तुमच्यासारखंच,” आई म्हणाली.

नाशिकच्या एका शाळेत तिने आयुष्यभर गाणं शिकवलं होतं. रिटायर झाली तरी परीक्षकपण काही सुटलं नव्हतं. माझ्या मुलीच्या जुन्या वहीत तिने रकाने आखले: सूर, ताल, शब्द. शब्द कळायचे नाहीत, म्हणून त्याचे सगळ्यांना सरसकट पाच. स्टेजवर आगीचे फवारे उडाले की एक गुण कापायची. ऑस्ट्रेलियाला तिने कधी झुकतं माप दिलं नाही. मुलगी रुसली की म्हणायची, “घरचा आहे म्हणून सूर लागत नाही गं बाळा.”

स्पर्धा इथे रविवारी पहाटे लाइव्ह दिसते. नवरा वेअरहाउसमध्ये, त्याची रविवारची शिफ्ट भल्या पहाटेची, घरी यायला दुपारचे तीन. त्यामुळे आम्ही सगळे मिळून दुपारी बघायचो, आणि तोवर निकाल कानावर पडू नये म्हणून घरातले सगळे फोन सकाळीच डब्यात. डबाही आईचाच, तिने चकल्या भरून आणलेला स्टीलचा. नियमही तिचाच. “निकाल आधी कळला तर परीक्षक हवा कशाला?” नाशिकला परत गेल्यावरही तिने तो मोडू दिला नाही. ती तिकडे शनिवारी मध्यरात्रीनंतर जागून भावाच्या लॅपटॉपवर स्पर्धा लाइव्ह बघायची, वहीत गुण लिहायची, आणि रविवारी संध्याकाळी आमचा डबा उघडला की मी फोन करायचे, ती वही वाचून दाखवायची. एरवी वर्षभर आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. मनसोक्त भांडण आणि हसणं व्हायचं ते याच फोनवर. मी त्याची वाट बघायचे.

त्या रविवारीही फोन डब्यात गेले. नवऱ्याचा आणि मुलीचा बंद करून. मी एज्ड केअरमध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, काम करते. ड्युट्या लावणाऱ्या रोस्टरवाल्यांचा फोन आला तर कळावं म्हणून माझा मी नुसता व्हायब्रेटवर ठेवला. तीनला नवरा आला, मी पोहे केले आणि आम्ही बसलो.

साडेचारच्या सुमाराला ऑस्ट्रेलियाचं गाणं लागलं आणि किचनमध्ये डबा थरथरायला लागला. दगडी बेंचटॉपवर स्टीलचा डबा, त्यात फोन. दात शिवशिवतील असा आवाज.

“ममा, मेक इट स्टॉप! इट्स अवर साँग!” मुलगी ओरडली.

“तुझे रोस्टरवाले असणार,” नवरा म्हणाला. “कुणीतरी सिक लीव्ह टाकली असेल. उचललास तर गेली तुझी आजची दुपार.”

मी उठले. झाकणावर हात ठेवला. डबा हाताखाली थरथरत होता. मी टी-टॉवेलची घडी केली, डब्याखाली सरकवली आणि परत येऊन बसले. आवाज गेला. गाण्याचा शेवट मला छान बघायला मिळाला.

साडेसातला निकाल लागला. ऑस्ट्रेलिया बराच खाली. मुलीचं तोंड उतरलं. मी म्हटलं, थांब, आजीने काय दिलेत बघू. वही-पेन घेऊन मी डबा उघडला. साडेचारचा भावाचा एक मिस्ड कॉल. मग सहानंतर त्याचेच सोळा-सतरा.

मी त्याला फोन लावला. सकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं होतं. हॉस्पिटलमध्ये नेलं. “मी लगेच लावत होतो गं ताई,” भाऊ म्हणाला. “आईनेच अडवलं. म्हणाली, आज त्यांचा डबा बंद असतो, संध्याकाळी बोलेनच मी. मग दुपारी बाराला तिला फार त्रास व्हायला लागला, तेव्हा स्वतःच म्हणाली, एकदा लाव, उचलेल ती.”

तिकडच्या दुपारी दीडला ती गेली. इकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

“सगळ्यांचे फोन बंद होते रे,” मी म्हणाले. “अगदी स्विच ऑफ.”

“तू तिकिटाचं बघ, ताई,” तो म्हणाला.

तिकीट मिळून नाशिकला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. विमानात मला सारखं माझं काम आठवत होतं. आमच्याकडे एखाद्या म्हाताऱ्या बाईचं शेवटचं आलं की तिच्या मुलांना फोन लावण्याचं काम माझ्याकडे असतं. रिंग वाजत राहते, कुणी उचलत नाही. मी एका हाताने त्या बाईचा हात धरून असते, आणि त्या मुलांना मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्यात ते माझं मला माहीत. नोकरी अजून तीच आहे. शिव्या घालणं तेवढं बंद झालं.

दहाव्याला गोदावरीवरून परत आल्यावर भावाने आईची वही माझ्यापुढे ठेवली. त्या रात्रीचं पान भरलेलं होतं. ऑस्ट्रेलियाला सुरात सहा. मी रडायला लागले, आणि रडता रडता पुन्हा तेच म्हणाले, फोन बंद होता रे, नाहीतर मी उचलला नसता का.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याने आयुष्यात मला कधी उलट उत्तर दिलेलं नाही. त्याने वही मिटली.

“बंद नव्हता, ताई. स्पीकरवर होता. आईने पूर्ण रिंग ऐकली. म्हणाली, त्यांचं गाणं चालू असेल आत्ता, राहू दे.”