खंडेनवमीला बंद राहिलेले संगणक

देवाशी माझं बोलणं बंद होतं, तिथूनच सुरुवात करते. हे गेले त्याला वर्ष व्हायचं होतं. चांगला हिंडता-फिरता माणूस, सकाळी दूध आणायला मुकुंदवाडीच्या नाक्यावर गेला आणि तिथंच कोसळला. दर रविवारी शहरालगतच्या सातारा गावच्या खंडोबाला न चुकता जाणारा माणूस! मग मी म्हटलं, ठीक आहे देवा, तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी. देवघराचं दार लावून टाकलं. मुलगी बंगळुरूला. तिचा फोन आला की "मजेत आहे गं" म्हणायचं आणि फोन ठेवला की भिंतीकडं बघत बसायचं. आयुष्यभर तंत्रनिकेतनात संगणक शिकवला, माझा आवाज शेजारच्या वर्गात ऐकू जायचा, आणि आता दिवसदिवस तोंड उघडायचं काम पडत नव्हतं. भाकरी एकच करायची, तीही अर्धी उरायची.

नवरात्राच्या तोंडावर गोदाकाठची गावं पाण्यात गेली. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. पैठण रोडवरच्या एका मंगल कार्यालयात बऱ्याच कुटुंबांची सोय केली होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, "मॅडम, लोकांची आधारकार्डं, रेशनकार्डं, सगळं वाहून गेलंय. नकला काढायच्या तर ऑनलाइन. चिकलठाण्याच्या कंपन्या जुने संगणक द्यायला तयार आहेत, पण ते चालू कोण करणार?" मी हो म्हटलं. पुण्य वगैरे काही डोक्यात नव्हतं, घरात बसवत नव्हतं म्हणून गेले.

काम माझ्या हातचंच होतं. दान आलेल्या संगणकाचा डबा उघडायचा, त्यातली डिस्क काढायची आणि आधी ती पुरती पुसायची, कारण देणाऱ्यांची जुनी माहिती दुसऱ्याच्या हाती पडायला नको. मी पुसलेल्या डिस्कवरून मग कुणालाच काही परत काढता येत नाही, इतकी कोरी. त्यावर लिनक्स चढवायचं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हवं त्याला वाटता येतं आणि दमलेल्या जुन्या संगणकावरही बिनतक्रार चालतं. सकाळी बसनं जायचं, मान खाली घालून काम करायचं, संध्याकाळी परत यायचं. आजूबाजूला एवढी माणसं, पोरांचा कालवा, चुलींचा धूर, पण मी कुणाशी बोलत नव्हते. त्यांचं दुःख मोठं होतं आणि माझं मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

एक बाई मात्र माझ्या टेबलाजवळून हलायची नाही. ठकूबाई नाव. धनगराची, साठीच्या आसपासची, पुरात घर आणि मेंढरं दोन्ही गेलेली. जमिनीवर बसून माझ्या हातांकडं बघत राहायची. "ताई, समदे डबे नीट व्हतील ना?" असं रोज विचारायची. मी रोज म्हणायचे, "होतील हो, जरा काम करू द्या." तोंडाची मी फटकळच. तिला राग यायचा नाही, याचा मला आणखी राग यायचा.

खंडेनवमीच्या सकाळी मी पोचले ती घाईतच. दसऱ्याच्या आत सगळे संगणक चालू करीन, असं सगळ्यांना सांगून बसले होते. बघते तर काय! रांगेतल्या प्रत्येक डब्यावर भंडाऱ्याची बोटं ओढलेली, वायरींना झेंडूची फुलं अडकवलेली. माझा स्क्रूड्रायव्हरसुद्धा पिवळाधमक. एवढ्या पुरातून ठकूबाईच्या कमरेच्या पिशवीत भंडारा तेवढा वाचला होता, आणि तो तिनं सढळ हातानं उधळला होता. पंख्याच्या जाळीत भंडारा! माझं डोकंच फिरलं.

"आज हात लावायचा नाय, ताई," ती रांगेच्या पुढंच मांडी घालून बसली होती. "आज हत्याराची पूजा. आज त्याला इसावा."

"अहो, हे काय कोयता आहे का खुरपं? लोकांची कामं अडलीत!"

"व्हय. पर तुमचं हत्यार हेच ना? उंद्या दसऱ्याला उचला. लई घाई बरी नाय."

मी चिडले, आवाज चढवला, लोक गोळा झाले. वाटलं, कुणी तरी माझ्या बाजूनं बोलेल. कुठलं काय! सगळे तिच्याच बाजूचे. एकानं तर लांबूनच डब्यांना नमस्कार केला. देवानं माझं घर मोडलं ते मोडलं, आता माझ्या कामातही आडवा आला, असं मनात म्हणत मी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. हाताला काम नाही म्हटल्यावर सगळं अंगावर आलं. डोळे भरून यायला लागले तशी मी बाहेर बघत राहिले.

दुपारी ठकूबाई दोन ताटल्या घेऊन आली. पिठलं-भाकरी. मी नको म्हटलं तर म्हणाली, "खावा गपचिप. एकटीला मलाबी गोड लागत नाय." आणि शेजारी बसून जेवायला लागली. कित्येक महिन्यांत माझ्या शेजारी बसून कुणी जेवलं नव्हतं. जेवता जेवता तिनं हातानं रांगेकडं दाखवलं. "त्यो पयला डबा हाय ना, त्यो आमचा. माझ्या बाळूचा."

बाळू तिचा एकुलता एक. गावात फोटो काढायचं, झेरॉक्सचं दुकान चालवायचा. पुराच्या आधीच तापानं गेला होता. त्याचे फोटो, तिचा मोबाईल, सगळं पाण्यानं नेलं. चिखलात हा डबा तेवढा सापडला. तिनं तो डोक्यावर वाहून आणला, धुतला, पुसला, चार दिवस उन्हात वाळवला. "ह्यात त्याचा आवाज हाय, ताई. तुम्ही डबे नीट करता म्हनून लायनीत ठिवला. उंद्या सगळ्यात आधी माझा नंबर यावा म्हनून सकाळीच म्होरं सरकावला."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्या सकाळी मला कुणी अडवलं नसतं, तर सगळ्यात आधी मी तोच डबा उघडला असता. इतरांसारखाच काळा, इतरांसारखाच जुना. तिच्या डोळ्यांदेखत मी बाळूला पुसून टाकलं असतं, वर "झाला बरं का नीट" म्हणून सांगितलंही असतं. मी तिचा हात धरला. तिला वाटलं मला ठसका लागला, तिनं पाणी दिलं.

दसऱ्याला डिस्क बाहेर काढली. वरचा चिखल अलगद साफ केला आणि तिच्यावर काहीही नवं लिहिलं जाणार नाही अशा बेतानं दुसऱ्या संगणकाला जोडली. फिरली, कुरकुरली, थांबली. पुन्हा तेच. मला येत होतं ते सगळं करून झालं. ठकूबाई शेजारी श्वास रोखून उभी. मग मी हात मागं घेतले आणि देवालाच म्हटलं, "माझं संपलं. आता तुझं तू बघ." किती वेळ गेला कुणास ठाऊक. पडद्यावर एकेका फाइलचं नाव उमटायला लागलं.

व्हिडिओ लहानसाच होता. माळावर मेंढरं, त्यांच्यामागं काठी घेऊन धावणारी ठकूबाई, आणि कॅमेऱ्यामागून तरण्या पोराचा आवाज, "आये, हस की जरा! पैसे पडत्यात का?" पडद्यावरची ठकूबाई काठी उगारून त्याला शिव्या देत होती. माझ्या शेजारच्या ठकूबाईनं पदरानं पडदा पुसला, अगदी जवळ वाकली आणि म्हणाली, "हसते रं राजा. ही बघ, हसते." आणि खरंच हसली. रडले ते मी, त्या भरल्या कार्यालयात, लहान पोरीसारखी.

हा चमत्कार होता का, ते मला ठाऊक नाही, आणि कुणाशी वादही घालायचा नाही. आजवर मी देवाकडं मागितलं ते दे म्हणूनच. माझा हात धर, मला थांबव, असं कधी मागितलं नव्हतं. न मागता मिळालं, त्याचं ऋण आहे. घरी मी अजूनही एकटीच असते. काम अडलं की आधी सवयीनं चिडते, मग हात मांडीवर ठेवून गप्प बसते. माझ्या हातून काय मोडायचं वाचतंय, ते मला थोडंच दिसतं.