मंगळवारचा शिरा

माझी पोरगी तीन वर्षांची झाली तरी तिला धरून उभं करावं लागायचं. पोट टम्म, हातपायाच्या काड्या आणि दिवसभर हगवण. काटेवाडीला आमच्या शेतात पाटाचं पाणी आलेलं, गव्हाला तोटा नव्हता. आजाऱ्याला भाकरी जड, गहू हलका, हे आमच्याकडं कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून घरातले सगळे भाकरी खायचे आणि तिला गव्हाची खीर, दुधात कुस्करलेली चपाती. खायची आणि आणखी वाळायची. बायका बघायला यायच्या, मान हलवून जायच्या. एकेकीला उंबऱ्याबाहेर काढावंसं वाटायचं मला.

शेवटी गाडी जुंपून बारामतीला नेलं. डॉक्टर पुण्याहून नवा आलेला. त्यानं पोट दाबून पाहिलं, काय काय खाते ते विचारलं आणि म्हणाला, "गहू बंद करा. चपाती, रवा, शेवया, काही नको. हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. ज्वारी द्या, तांदूळ द्या, आतडं हळूहळू भरून येईल. पण गव्हाचा कण जरी पोटात गेला, तर पोरगी हाती लागायची नाही."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्याच. "गव्हानं कुणी मरतं व्हय? काय बी सांगत्यात."

मी ऐकते कसली! ज्वारीची पेज, मऊ भात, पुढं भाकरी. हगवण थांबली, पोरगी भिंत धरून चालायला लागली. आता सुटलो, असं म्हणते तोवर पुन्हा सुरू. मधे बरी, की पुन्हा तेच. मी जातं धुतलं, काठवट वेगळी केली, घरात गहू आणायचाच बंद केला. तरी ती सुकतच चालली. मी घरातल्या प्रत्येकाच्या हाताकडं संशयानं बघायला लागले. नवऱ्यालाही सोडलं नाही.

एका मंगळवारी खुरपणीवरून लवकर परतले, तर आजी-नात दोघी घरात नाहीत. देवीच्या देवळात असतील म्हणून तशीच गेले. सासूबाई पायरीवर बसलेल्या, पोरगी मांडीवर, पुढ्यात शिऱ्याची वाटी. त्यांनी नवस बोललेला: नात बरी होईपर्यंत दर मंगळवारी देवीला शिरा आणि त्यातला पहिला घास नातीला. मी घरात रवा ठेवत नव्हते, म्हणून शेजारणीकडून करून आणायच्या.

घास पोरीच्या तोंडाशी पोचलेला. मी मनगट धरलं. सासूचं मनगट, चार बायकांदेखत.

"सोड. देवीचा परसाद हाय. त्याला न्हाय म्हणू न्हाय."

"मग मी खाते," मी म्हणाले. "देवी कोपली तर माझ्यावर कोपू द्या. पोरीला एक कण मिळायचा न्हाय."

वाटी ओढून घेतली आणि उभ्यानं सगळा शिरा संपवला. बायका कुजबुजत होत्या. सासूबाईंनी पोरीला खाली ठेवलं आणि एकट्याच घराकडं निघाल्या.

त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मंगळवारी देवळात जायच्या त्या रिकाम्या हातानं. इकडं पोरीचे गाल भरले, पोट उतरलं, पाटाच्या कडेनं पळायला लागली. मला हायसं वाटायचं, आणि तिला पळताना बघून सासूबाई मात्र तोंड फिरवून आत जायच्या. मला वाटायचं, हरल्याचा राग असेल.

एकदा दुपारी पोरगी चुलीपुढं भाकरी खात होती. सासूबाई कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिल्या.

"तुझ्या नवऱ्याच्या पाठीवर एक झाला हुता," त्या म्हणाल्या. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. "हिच्यावानीच पोट. तवा कुठला आलाय गहू? बावड्याच्या म्हायेरास्नं मागून आणायची. समद्यांची तोंडं चुकवून त्यालाच घालायची. गेला त्या दिवशीबी खीर भरवली." मग माझ्याकडं वळल्या. "म्हंजी, मीच का गं?"

मी कधी कुणाची भीड ठेवली नाही, त्यांची तर नाहीच.

"न्हाय आत्याबाई," मी म्हणाले. "त्याचं दुखणं येगळं असणार."

पोरीनं आणखी भाकरी मागितली, ती सासूबाईंनीच उठून वाढली.