आवणीतली कोंडी

भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीच्या दिवसांत, भिकीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चूल पेटवायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, सुकटीची चटणी फडक्यात बांधायची आणि उजाडायच्या आत पाड्यावरच्या बायका गोळा करून काशीनाथशेठच्या खाचरात उतरायचं. पाडा वेवजी गावाजवळचा, शेत अर्ध्या तासाच्या चालीवर. टोळीची पुढारी भिकीच. तिने लावलेलं रोप पाण्यावर तरंगताना कुणी पाहिलं नव्हतं. आपल्यासारखंच काम तिला दुसऱ्याचंही लागायचं.

आवणी मागे सरकत करतात. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे लावायचा पट्टा, असते. जी रेंगाळेल तिला बाकीच्या कोंडायच्या. दोन्ही बाजूंच्या बायका झपाझप मागे निघून जायच्या आणि तिच्या पाठीमागे आडवी रोपं लावून वाट बंद करायच्या. मग चारी बाजूंनी हिरवं आणि मध्ये चिखलात ती एकटी. रोप तुडवलं तर शिव्या, आणि तुडवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. भिकीच्या आईच्या वेळेपासून हे चालत आलेलं. भिकीच्या लेखी ती गंमत होती, आणि गमतीने कामाला वेग येतो असं ती म्हणायची.

२०१६च्या पावसाळ्यात कोंडी रोज नवशीची व्हायची. वीटभट्टीवर तिचा डावा हात मोडला होता, तो वाकडाच बसला. रोपांची जुडी त्याच हातात धरायची, ती सारखी सुटायची.

"नवशे, आता तिथंच खोपटं बांध," भिकी म्हणायची. "कापणीला येऊ तेव्हा नेऊ तुला."

बायका हसायच्या. मान खाली घालून नवशीही हसायची.

एक दिवस दुपारी बायका बांधावर भाकरी खात होत्या, तेव्हा छत्री घेऊन शाळेच्या बाई आल्या. "मनिषची आजी कोण?"

"मी," भिकी म्हणाली. "काय केलं त्यानं?"

"मधल्या सुट्टीत त्याने आणि पोरांनी धाकलीला गोल करून कोंडलं. घंटा झाली तरी सोडलं नाही. पोरीची तिथंच लघवी झाली. मी विचारलं, हा कसला खेळ? तर म्हणाला, आमच्या आजीचा. धाकलीला म्हणत होता, इथंच खोपटं बांध."

धाकली हे नवशीच्या मुलीचं नाव. दुसरीत होती, बोलताना अडखळायची. नवशी तिथंच बसली होती. तिने हातातली भाकरी फडक्यावर ठेवली आणि घराकडे निघाली. कुणी हसलं नाही.

संध्याकाळी भिकीने काठी घेतली आणि मनिषला पुढ्यात उभं केलं.

"आजे, मी हातपण नाही लावला तिला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तूपण नाही लावत ना नवशीकाकीला."

भिकीने काठी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन नवशीच्या दारात गेली. "पोराला माफी मागायला आणलंय."

"त्याचं कळलं," नवशी म्हणाली. "तू कशाला आलीस?"

भिकी उंबऱ्याशी खाली बसली. नवशीच बोलली. "मी हसायची ते तुम्हाला दिसायचं. घरी आले की ही धाकली विचारायची, आये, आज बाहेर कशी आलीस?"

"चुकलं माझं," भिकी म्हणाली. मनिषही काहीतरी पुटपुटला. धाकली आईच्या लुगड्यामागून बाहेर आली नाही. "मी त्या शाळेत नाही जाणार," एवढंच तिने सांगितलं.

त्यानंतर टोळीत कोंडी झाली नाही. एकीने सवयीने पाठीमागे रोपं लावली, तर भिकीने जाऊन ती उपटली. नवशी कामावर परतल्यावर भिकीने तिला शेजारची पात दिली आणि आपली लावता लावता तिची अर्धी लावू लागली. काम मंदावलं. शेठ कुरकुरला, तेही तिने ऐकून घेतलं. नवशी कामापुरतं बोलायची. मनिष सकाळी धाकलीला हाक मारायला जायचा आणि बंद दारावरून परत यायचा. बाईही समजवायला आल्या. धाकली ऐकेना.

शेवटी नवशीने तिचं नाव तलासरीच्या शाळेत घातलं. तिथं तिला कोंडलेलं पाहणारं कुणी नव्हतं. पण लांब पडायचं, आणि रोजचं भाडं नवशीला झेपणारं नव्हतं.

आवणी उरकली, मजुरी हातात आली. भिकी तडक टमटमवाल्याकडे गेली आणि धाकलीचं दिवाळीपर्यंतचं भाडं देऊन आली. आवणीची मजुरी त्यातच संपली. नवशीने नको म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. सकाळी टमटम यायची तेव्हा भिकी रस्त्यावर थांबायची नाही. तिला पाहिलं की धाकली आईमागे लपायची.