करून ठेवलेलं

कर्वेनगरातल्या जपानीच्या क्लासला मी दर रविवारी सकाळी जायचे. कंपनी दोन वर्षांसाठी जपानला पाठवणार होती, पण परीक्षा पास झाले तरच. त्या रविवारी बाईंनी 'ते-आरु' शिकवलं. "खिडकी उघडी आहे, हे एक. कुणीतरी मुद्दाम उघडून ठेवली आहे, हे दुसरं. ते-आरु या दुसऱ्यासाठी. करणारा समोर नसतो, त्यानं केलेलं तेवढं दिसतं." घरातल्या गोष्टींवर दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली.

दुपारी वही घेऊन मी घरभर फिरले. आई झोपली होती, बाबा पेपर वाचत होते. कपडे वाळत घातले आहेत, पाणी भरून ठेवलं आहे, अशी सात वाक्यं झाली. आठव्यासाठी आईबाबांचं कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद. अक्षर बाबांचं, पण आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं. गॅस कसा नोंदवायचा, लाइट गेली तर कोणता खटका पाहायचा, प्लंबरचा नंबर. ही सगळी कामं बाबाच करायचे.

बाहेर येऊन मी विचारलं, "बाबा, तो कागद कशाला लावलाय?"

"वाचायला."

"नीट सांगा ना."

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "पोटात गाठ आहे माझ्या, साधी नाहीये. दोन महिने झाले कळून. आईला इतक्यात बोलू नकोस."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"तुझी परीक्षा होऊ दे म्हटलं."

मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "किती वाक्यं झाली?"

"सात."

"मग उरलेली लिही."

मी लिहिलं, 'कामि गा हात्ते आरु.' कागद चिकटवून ठेवला आहे. बाईंनी पुढच्या रविवारी त्यावर बरोबरची खूण केली.

आठवडाभरानं बाबांनी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमची पँट कंबरेला सैल व्हायला लागली तेव्हाच समजले मी. तुम्हाला सांगवत नाहीये, म्हणून गप्प होते."

परीक्षा मी दिली नाही. आणखी दोन महिन्यांनी, दिवाळीआधी, बाबा गेले. त्या दोन महिन्यांत आम्ही तिघं रोज एकत्र जेवत होतो, आणि बोलत होतो ते आमटीत मीठ कमी आहे का, एवढंच.