पहिल्या रांगेचं टोक

रेक्झिनचा एक वास असतो. तापलेला, केसांच्या तेलानं आणि कोमेजलेल्या गजऱ्यांनी मुरलेला, वरून फिनेलचा पातळ हात मारलेला. नाट्यगृहाच्या अंधारात पाऊल ठेवलं की आधी तो वास येतो, आणि मग माझा हात आपोआप खुर्चीवर जातो. मी एकदम कधी बसत नाही. तळवा दाबून बघते. काथ्या वर आलाय का, स्प्रिंग टोचते का, पाठ नीट टेकते की टेकल्यासारखी वाटून मध्येच दगा देते! लोक हसतात. हसोत बापडे. चौथी शिकलेल्या बाईला नाटकातलं काय कळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. पण नाटकाला कुठं बसावं हे मला कुणी शिकवू नये.

लहानपणी जत्रेतली नाटकं पोत्यावर बसून पाहिली. पोतं कधी फसवत नाही, ते बोचणार हे दिसतंच. फसवते ती खुर्ची. तिकीटखिडकीतला माणूस प्लॅनवर पेन्सिल टेकवून "मावशी, झ्याक सीट हाय" म्हणाला की मी ओळखते, समोर खांब असणार. बाल्कनीखाली आवाज गुदमरतो. फार पुढं बसलं तर नटांच्या पायांची धूळ दिसते, घामानं फुटलेला रंग दिसतो आणि राजा राजा राहत नाही. पाचवी-सहावी रांग, मधल्या वाटेजवळ, पंख्याच्या थेट खाली नाही. तिथून माणूस माणसाएवढा दिसतो. एरवी अशी जागा कुठं मिळते? जवळच्यांचे नुसते पाय दिसतात आणि लांबच्यांचे नुसते कपडे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझी नात वैशाली लग्नाची झाली होती आणि मेढ्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा प्रताप, फौजेत तोफखान्यात, सुट्टीवर आलेला. आमच्या विश्रामबागेतल्या घरी पोहे झाले, दोघांची पसंती झाली. पण आमच्याकडं शेवटचा शब्द माझा, आणि तो मी दिला नव्हता. तेव्हा मुलाच्या आईनं निरोप धाडला, साताऱ्यात रविवारी दुपारी नाटक आहे, आज्जींना आवड आहे म्हणतात, तर नातीला घेऊन यावं. ओळख ना पाळख, आणि नाटकाचं आमंत्रण! मला तिथंच शंका आली. तुम्हाला नसती आली?

तिकिटं पाहिली आणि शंका वाढली. पहिली रांग, अगदी डाव्या टोकाला, भिंतीला चिकटून. सगळ्यात महाग दर आणि सगळ्यात वाईट खुर्च्या! तिथून रंगमंचाचा अर्धा भाग पडद्याआड जातो. मागं पाचवी रांग रिकामी पडली होती.

"आवं, मागं सरकू की. हितनं काय दिसतंय?" मी म्हणाले.

"नगं, नगं, आज्जी!" बाई दचकल्याच. "म्होरं बसण्यात मान असतोय."

"असंल बाई. पर माझी मान मोडतीया."

वैशाली तोंडाला पदर लावून हसली, पण बाई हटल्या नाहीत. त्यांनी प्रतापला भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं, शेजारी आपण, मग मी, मग वैशाली. जणू घरी तालीम करून आल्या होत्या. नाटक सुरू झालं. मला एक बाजू आणि नायिकेची पाठ दिसत होती, म्हणून मी मुलाकडं बघत बसले. तोही काही भाबडा दिसेना. बसला होता तिरका, सगळा चेहरा उजवीकडं वळवून. प्रेक्षागृह हसायचं, हा आईच्या तोंडाकडं बघायचा आणि मग हसायचा. काय असावं? पितो? डोक्यानं मंद? की जीव दुसरीकडं गुंतलाय आणि आईनं इथं ओढून आणलंय? फौजेतला माणूस वर्षभर लांब राहणार. आपली पोर असल्या घरात देऊन मग कुणाला विचारायचं?

मध्यंतरात बाई चहा आणायला गेल्या. मी मुद्दाम मुलाच्या डाव्या हाताला, अगदी खेटून उभी राहिले.

"वडा तिखट हाय का रं, परताप?"

तो खात राहिला. मी पुन्हा विचारलं. पापणीसुद्धा हलली नाही. एवढा ताठा! मोडलं, मी मनात म्हटलं. घरी जाऊन सांगायचं आणि विषय संपवायचा.

तेवढ्यात माझ्या शेजारी उभी असलेली वैशाली मुकाट्यानं वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि म्हणाली, "आज्जी विचारतीय, वडा तिखट हाय का."

तो गर्रकन वळला. "न्हाई वं आज्जी, खावा की बिनघोर!"

हसणं मोकळं होतं. पण मी त्या वळशाकडं बघत होते. ती न विचारता, न अडखळता गेली होती. मी तिचा दंड धरून बाजूला नेलं.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"पोह्यांच्या दिवसापासून. त्यांनीच सांगितलं. तोफेच्या आवाजानं डावा कान गेलाय. आई सांगू देत न्हाई, पण मला सांगितल्याशिवाय होकार घेणार न्हाई, असं म्हणाले."

"आन् तू मला बोलली न्हाईस."

"तू मोडलं असतंस."

मोडलंच असतं. त्यात काय खोटं होतं?

बाई चहा घेऊन आल्या. मी म्हणाले, "आता पाचव्या रांगंत बसू. पोराचा डावा कान वाटंकडं ऱ्हाऊ द्या, उजवीकडं वैशाली बसंल."

बाई लेकाकडं बघू लागल्या.

"आये, मी सांगितलंय वैशालीस्नी. पयल्याच दिवशी," तो म्हणाला.

"मुडद्या, मंग मला का न्हाई सांगितलंस? तुझा कान भिंतीकडं ऱ्हावा म्हून म्होरल्या रांगंची तिकिटं काढून बसले न्हवं मी!"

त्या बाईवर माझा आजही पुरता भरवसा नाही, आणि माझ्यावर त्यांचा नसावा; तो हिशेब बरोबरीचा आहे. पण त्या दुपारी सहाव्या रांगेत, त्या तिघांच्या मागं बसले आणि रंगमंच पहिल्यांदा पूर्ण दिसला, तरी माझं लक्ष तिकडं लागेना. परक्यांच्या घरात मी दारू शोधली, खोट शोधली, ताठा शोधला. ज्यानं लपवायचं त्या पोरानं सांगून टाकलं होतं. लपवलं ते माझ्या पोरीनं, माझ्यापासून, आणि तिच्या बाजूनं बघितलं तर तेच शहाणपणाचं होतं. आपण ज्यांच्यासाठी दार राखतो, त्यांना दाराबाहेरच्यांची भीती वाटत नसून आपलीच वाटत असेल, तर राखणीला काय अर्थ राहिला?

वैशालीही नाटक बघत नव्हती. अंधारात मान वळवून माझ्याकडं बघायची, पुन्हा समोर, पुन्हा माझ्याकडं. म्हातारी काय ठरवते, एवढंच तिला बघायचं होतं. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही; तशी सवय नाही. ती पुन्हा वळली तेव्हा मी पुढं वाकले.

"म्होरं बघ गप. त्याची सुट्टी संपायच्या आत उरकून टाकू."

मग तिनं नाटक बघितलं.