जिवाची हजेरी

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला तरी पप्पांनी खिडकीवरचा हात काढला नाही. नगरला लागून असलेल्या भिंगारच्या आमच्या गल्लीत सकाळचं पाणी आलं होतं. बायका हंडे तसेच सोडून मला निरोप द्यायला आल्या होत्या आणि नळ नुसता वाहत होता. शेजारच्या सुशीला मावशींनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "हातातच ठेव. बॅग हरवली तरी चटणी ऱ्हाईल." आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, त्यामुळे अशी कामं मावशींकडे आली होती.

पप्पा वाकून म्हणाले, "एस्तू, जिवाचं कसं हाय?"

"बरं आहे, पप्पा."

"बरं हे तब्येतीचं झालं. मी जिवाचं इचारतोय."

टॅक्सीवाला वैतागला. "काका, चाकनला ट्रॅफिक लागंल. जिवाचं फोनवर इचारा."

सगळे हसले. पप्पाही हसले आणि त्यांनी हात काढला. गाडी निघाली, उत्तर राहिलं.

टॅक्सीवाल्याचं त्यांनी ऐकलं. पुढची सगळी वर्षं ते फोनवरच विचारत राहिले. आता ते नाहीत. आणि मी हे लिहितेय ते भिंगारला राहिलेल्या तुम्हा मंडळींसाठी, आणि माझ्यासारखे जे निघून आले आहेत त्यांच्यासाठी. हळूहळू लिहितेय. हल्ली सगळंच हळू होतं.

आमची मंडळी मुळात दोन ठिकाणची, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. दोन्हीकडचे मेथॉडिस्ट पंथाचे ख्रिस्तीच, पण भिंगारमध्ये त्यांना वेगळी नावं होती. गोऱ्या शिपायांच्या प्रार्थनाघरातून जे आले ते 'पलटणीचे'. पप्पांचे आजोबा छावणीच्या तबेल्यात कामाला होते, म्हणून आम्ही पलटणीचे. अमेरिकेहून आलेल्या मिशनऱ्यांकडून जे आले ते 'मिशनचे'. आई मिशनची. पलटणीचे उभं राहून, सरळ रेषेत, एका सुरात गायचे. मिशनच्यांकडे डफ, टाळ आणि पेटी. पुढे माणसं कमी झाली. दोन पाळक ठेवणं झेपेना. मग माझ्या जन्माआधीच दोन्ही मंडळ्या एक झाल्या.

देऊळ, म्हणजे चर्च, मिशनचं ठेवलं, कारण ते मोठं होतं. पलटणीकडून लाकडी कठडा आला. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेताना त्याच्यापुढे गुडघे टेकायचे. मिशनचे लोक तोवर बाकावर बसूनच प्रभुभोजन घ्यायचे. कठडा होता लहान देवळाच्या मापाचा. मोठ्या देवळात तो अपुरा पडला, एका वेळी चारच माणसं मावत. अजूनही चारच मावतात आणि रांग दारापर्यंत जाते. आईचे गुडघे दुखायला लागले ते त्या कठड्यामुळेच, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. "लग्न तुमच्याशी केलं, कठड्याशी न्हाई," हे पप्पांना दर महिन्याला ऐकावं लागे.

पलटणीकडून आणखी एक गोष्ट आली. तो 'वर्ग'. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत दहाबारा माणसं जमायची. एक गीत व्हायचं, प्रवचन नसायचं. मग वर्गाचा पुढारी एकेकाला नाव घेऊन विचारायचा, जिवाचं कसं हाय? बस, एवढंच. साहेबांच्या काळात हा प्रश्न इंग्रजीत होता. तो मराठीत आणला तेव्हा पहिल्यांदा 'आत्म्याचं कसं आहे' असा केला होता म्हणे. पण आपल्याकडे आत्म्याची चौकशी माणूस गेल्यावर होते. नवीन आलेले लोक दचकून इकडेतिकडे बघायचे, कोण गेलं म्हणून. मग कोणीतरी शहाण्याने 'जीव' केला.

नियम थोडे होते. 'बरं हाय' हे उत्तर चालत नसे. 'आज न्हाई सांगत' हे चालत असे. आणि खोलीतलं खोलीत राहायचं. आई याला 'जिवाची हजेरी' म्हणायची आणि आत पोळ्या लाटताना मोठ्याने भजन म्हणायची, पण गुरुवारचा चहा तिने कधी चुकवला नाही. मिशनच्या तिच्या मैत्रिणी, आमच्या सुशीला मावशीसुद्धा, हळूहळू चहाच्या निमित्ताने वर्गात बसू लागल्या. मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "प्रार्थनेला बसलं की मला झोप येती." पप्पा म्हणाले, "झोप येती म्हंजे जीव निवांत हाय. पुढं."

पप्पा वर्गाचे पुढारी, पण पोटासाठी लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते. वाचन बेताचं. पण विचारून झाल्यावर ते थांबत. त्यांच्यासारखं थांबणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. समोरचा खिडकीकडे बघे, चपलेकडे बघे, आणि मग बोलायला लागे. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलेली असे. खरं सांगायचं तर पुस्तकं मला आवडली त्याचं एक कारण हेच होतं, की ती काही विचारत नाहीत. आणि मी गाव सोडलं त्यात शिक्षण, नोकरी, पगार हे सगळं होतंच, पण जिथे कोणी मला काही विचारणार नाही अशा ठिकाणी राहून बघायचीही इच्छा होती.

तसं ठिकाण मिळालं. इंग्लंडच्या उत्तरेला, लोकरीच्या बंद गिरण्यांचं एक चढउताराचं गाव. मी इथल्या लायब्ररीत काम करते. इथे 'हाऊ आर यू'ला 'नॉट टू बॅड' म्हणायचं आणि पुढे जायचं. पहिली काही वर्षं मला ते फार सुखाचं वाटलं.

रविवारी मी इथल्या मेथॉडिस्ट चॅपलमध्ये जाऊ लागले. पहिल्याच महिन्यात उपासनेनंतरच्या कॉफीचे कप पुसायला हात लावला आणि घोळ केला. कपबश्यांवर बारीक अक्षरांत चॅपलचं नाव होतं, ते मी वाचलंच नाही. पुसून सगळं एकत्र लावून ठेवलं. मार्गारेट नावाची म्हातारी, माझ्याहून तीस वर्षांनी मोठी, पुढे आली आणि एकेक बशी उचलून वेगळी करू लागली. तेव्हा कळलं की गावात पूर्वी दोन चॅपलं होती. टेकडीवरचं गिरणीमालकांचं, खालचं गिरणीतल्या कामगारांचं. दोन्ही मेथॉडिस्ट. एक होऊन जमाना लोटला होता, पण वरचे कप आणि खालचे कप अजून वेगळ्या फळीवर राहत होते. मार्गारेट खालची. "वरच्यांच्या बश्या पातळ आहेत," ती कुजबुजली, "आणि तसेच ते लोकही."

मला हसू आवरेना. मी तिला आमच्या कठड्याची गोष्ट सांगितली. पलटणीचे आणि मिशनचे सांगितले. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, जसं नगरचं कोणी लांबच्या नातेवाइकांचं ऐकून घेईल. मग मी वर्गाचं सांगितलं, पप्पांचा प्रश्न सांगितला. तिचा पुसायचा हात थांबला. तिच्या आजीला हेच विचारायचे, खालच्या चॅपलमध्ये, दर आठवड्याला. पुढे लोकांना तो भोचकपणा वाटायला लागला आणि बंद पडलं. "तुमच्याकडे अजून विचारतात?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती बराच वेळ तीच बशी पुसत राहिली.

म्हणजे तो प्रश्न इथूनच शिपायांबरोबर निघाला होता. जहाजाने, मग बैलगाडीने भिंगारला पोचला आणि तिथे टिकला. इकडे संपला. आणि मी त्याच्यापासून पळून, जिथून तो निघाला त्याच मुलखात येऊन राहिले होते. पप्पांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मंग तिकडं त्यांना इचार की." मी म्हटलं, इथे असं विचारत नाहीत. "हां," ते म्हणाले, "म्हनून तुला तिथं बरं वाटतं." टोमणा होता की नुसतं म्हणणं, कळलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, मी 'आज न्हाई सांगत' म्हटलं, आणि ते 'पुढं' म्हणाले.

ते गेल्याचा फोन वर्गातल्या बनसोडे काकांनी केला. काका कॅन्टोन्मेंटच्या ऑफिसातून रिटायर झालेले, रडतानाही कामाचं बोलणारे. "एस्तर, विमानाचं बघ. आमी थांबू शकत न्हाई, उनाळा हाय." मी मातीला पोचले नाही. पोचले तेव्हा कबरीवरची फुलं वाळली होती. शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे, तिकिटावर पुण्यापर्यंतच होतं, आणि टॅक्सीवाल्याला मी सवयीने नगरच म्हणाले.

त्या आठवड्यात गुरुवार आला. मी काही सांगितलं नव्हतं, तरी संध्याकाळी माणसं आली. पूर्वीची दहाबारा नव्हती, पाचसहाच. चपला काढून आपापल्या जागी बसली. पप्पांची लोखंडी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कोणी बसलं नाही. गीत झालं. पुढे विचारणारं कोणी नव्हतं. शेवटी बनसोडे काकांनी घसा साफ केला आणि ऑफिसच्या सुरात विचारलं, "सुशीलाबाई, जिवाचं कसं आहे?"

मावशी म्हणाल्या, "बनसोडे, तू इचारलं की मला वाटतं मी चोरी केलीय."

हसू फुटलं, काकाही हसले. मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघू लागले. "तू इचार," मावशी म्हणाल्या. मी चहा ठेवायला आत गेले. चहा झाला, पिऊन झाला, आणि मंडळी आमच्या रीतीचा 'सलाम' करून निघून गेली. मी विचारलं नाही. माझ्यात तेवढं काही उरलं नव्हतं.

घराची किल्ली मावशींकडे देऊन मी परत आले. लायब्ररीत जुनी पुस्तकं काढून टाकण्याचं काम चालू होतं. दिवसभर मी खोकी भरत होते. थकवा झोपेने जात नव्हता. मग बनसोडे काकांचे फोन सुरू झाले.

"मागल्या गुरुवारी आमी तिघंच. या गुरुवारी किती येतील म्हाईत न्हाई. इचारनारंच कुनी न्हाई तर बसायचं कशाला? टीव्ही काय घरोघर हाय."

मी म्हटलं, पाळकसाहेबांना सांगा. काका म्हणाले, ते चांगले आहेत, पण दोनतीन वर्षांनी त्यांची बदली होते, आणि त्यांना सांगितलेलं त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावाला जातं. मी म्हटलं, मी तर किती लांब आहे. तेव्हा मावशींनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"लांब हायेस म्हनून तर! जवळच्याला सांगितलं की तो दुसऱ्या दिवशी नळावर दिसतो. मंग सांगितलेलं आटवतं आन लाज वाटती. तू दिसनार न्हाईस."

निघून आलेल्या तुम्हा लोकांना हे वाक्य कसं वाटेल, मला माहीत नाही. आपण लांब असण्याबद्दल इतकी वर्षं आपल्याला वाईट वाटत आलं. सणाला, आजारपणाला, मातीला आपण नसतो. त्या नसण्याचा कोणाला उपयोग होईल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मला आनंद झाला असं नाही. मी एवढंच म्हटलं, "बघते." पप्पांच्या भाषेत हे उत्तर चालत नाही.

गुरुवारी दुपारी, तिथल्या संध्याकाळी, मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत गेले. काढून टाकलेल्या पुस्तकांची खोकी छतापर्यंत होती. फोन लावला. पडद्यावर आधी नुसतं छत आणि फिरता पंखा दिसला, मग काकांची हनुवटी, मग खोली. त्यांनी फोन पप्पांच्या खुर्चीवर ठेवला होता, मागे तांब्याचा टेकू देऊन. चौघं होती. गीत सुरू झालं. माझ्यापर्यंत आवाज अर्धा क्षण उशिरा येत होता, म्हणून मी गायले नाही.

मग ते थांबले. आणि मीही थांबले. खोक्यांकडे बघितलं, बुटांकडे बघितलं.

"काका," मी म्हटलं, "जिवाचं कसं हाय?"

इतकी वर्षं मी 'आहे' म्हणत आले होते. तोंडातून 'हाय' निघालं.

काकांनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "घाबरलाय जीव. तुजे पप्पा माज्याहून दोन वर्षांनी ल्हान. आता रांगेत पुढं मीच हाय, असं वाटतं."

पप्पा यावर काय म्हणाले असते, मला सुचलं नाही. शेवटी काका स्वतःच हळूच म्हणाले, "पुढं."

मी पुढे विचारत गेले. कोणी सांगितलं, कोणी आज न्हाई सांगत म्हटलं. मावशी शेवटच्या. त्या म्हणाल्या, कुलूप उघडून आत आलं की खोलीत तुझ्या पप्पाची चाहूल लागते आणि पाय पुढं पडत नाही, आज पडला. मग त्या फोनच्या इतक्या जवळ आल्या की मला फक्त त्यांचा एक डोळा आणि चष्म्याची काडी दिसत होती.

"आन तुजं गं? तुज्या जिवाचं?"

"बरं..." मी सुरुवात केली. तिकडे चौघंही वाट बघत होती.

"थकलेय, मावशी," मी म्हटलं. "फार थकलेय."

"व्हय," मावशी म्हणाल्या. "मंग बस जरा."

तोवर मी उभीच होते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी एका खोक्यावर बसले. फोन कोणी बंद केला नाही. मावशी पाय ओढत आत गेल्या, भांडं वाजलं, आणि आमच्या स्वयंपाकघरात कोणीतरी चहाचं आधण ठेवलेलं मला इथे ऐकू आलं.